वाघळाखालची रेघ

३ जानेवारी

चि. शिसपेन्सिल हीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यांतला एक तूर्त रोखून धरला आहे. कारण पुढे येतं.

अत्यंत खेदाने, आणि सकाळचा चहा निवू देऊन, एक तक्रार नोंदवावी लागत आहे. तुझ्या चित्राची सुरळी काल पोचली. ती उघडताना तुझ्या मामीचं आणि माझं भांडण झालं, ते सोड. चित्र जेवणाच्या टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि आम्ही दोघं दर्शनाला उभे राहिलो. वटवाघूळ झकास उतरलंय. उलटं लटकलेलं, पोटाशी पिल्लू, पंखाच्या कातड्यातून आरपार आलेला उजेड. मामी म्हणाली, "अगं बाई, हे तर हुबेहूब तुमच्या थोरल्या काकांसारखं दिसतंय!" साम्य मला मान्य आहे. विशेषतः कानांचं.

पण त्या वाघळाखाली तू एक रेघ ओढली आहेस. साधी, काळी, अंगठ्याएवढी रेघ. आणि ती वाकडी आहे! मधोमध तिला बैलासारखं वशिंड आलं आहे. जिने अंगावरचा केस न् केस कोरून काढला, तिला एक सरळ रेघ ओढता येऊ नये? तुझ्या आजोबांनी तुला पहिली पट्टी दिली, तेव्हा तू ती पेन्सिलीसारखीच चावून पाहिली होतीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता कामाचं. आमच्या शाळेमागच्या जुन्या पाण्याच्या बोगद्यात ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि नगरपालिकेला तो बोगदा विटांनी कायमचा बुजवायचा आहे. मार्चअखेरीस सुनावणी. बोगद्यात पोरं शिरतात, एखादं पडेल, हे कारण खरं आहे. वाघळं केसांत अडकतात, हे दुसरं कारण नगराध्यक्षांचं आहे, आणि त्यांच्या डोक्यावर एकही केस नाही.

तुझं म्हणणं, दहा भाषणांनी होत नाही ते एका नेमक्या चित्राने होतं. असेल बाई. चित्र तुझं, शास्त्र तुमच्या संशोधन केंद्रातल्या त्या वाघूळतज्ज्ञ बाईंचं आणि चित्राखालचा मजकूर माझा, अशी आपली वाटणी. त्याप्रमाणे खर्डा पहिला:

'ही निशाचरकुलभूषणा, मशकसंहारिणी, मातृवात्सल्यमूर्ती अजिनपत्रा...'

अजिनपत्रा म्हणजे कातड्याच्या पंखांची. वाघळासाठी कोशात सापडणारा जुना शब्द आहे, घाबरू नकोस. वाक्य अजून संपलेलं नाही. क्रियापद पुढच्या टपालाने पाठवतो.

रेघ सुधारून नवी प्रत धाड.

तुझा एकुलता एक (म्हणून तरी ऐक)
मामा

ता. क. मोबाईलवर फोटो पाठवू नकोस. त्या काचेवर सगळं मुंगीएवढं दिसतं. कागदच बरा.


१२ जानेवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार म्हणणार होते, पण आठांतली दोन अंगं, म्हणजे हात, शाईने बरबटलेत. उरलेल्या सहांचा नमस्कार घे.

रेघ सरळ आहे. स्टीलच्या पट्टीने ओढली आहे, आणि ती पट्टी मी चावलेली नाही.

शिवाय ती 'साधी रेघ' नाही. बारीक तपशील दिसावेत म्हणून वाघूळ मी पुष्कळ मोठं करून काढलंय. खालची रेघ ही जिवंत वाघळाच्या अंगाची खरी लांबी. ती नसेल, तर माणूस चित्र बघून घरी जाईल आणि स्वप्नात त्याला म्हशीएवढं वाघूळ दिसेल. बाई म्हणतात, "रेघ नसेल तर ते चित्र नाही, अफवा आहे."

बाईंनी मला कसं सोललं ते तुला सांगितलंच नाही. पहिल्या कच्च्या चित्रात आई पिल्लाकडे प्रेमाने बघत होती. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"ही पिल्लाकडे अशी बघताना तू पाहिलीस?"

"पाहिली नाही, पण आई म्हटल्यावर..."

"म्हणजे तुला माहीत होतं ते काढलंस. मला तुझी माहिती नकोय. दिसतं ते काढ."

म्हणून तर मागच्या खेपेला तुमच्याकडे आले तेव्हा रोज संध्याकाळी दुर्बीण घेऊन बोगद्याच्या तोंडाशी बसत होते. आई पिल्लाकडे बघतच नाही, मामा. ती पायाने कान खाजवते. तेच काढलंय.

तुझं वाक्य बाईंना वाचून दाखवलं. 'मशकसंहारिणी'पर्यंत पोचताच त्यांना उचकी लागली. अरे, हे वाचणारा माणूस उभा असेल, हातात पिशवी असेल, त्याला घरी जायचं असेल. त्याच्यापुढे समासांची मालगाडी कशाला सोडतोस? 'अजिनपत्रा' मात्र ठेव. कातड्याच्या पंखांची! ज्याने हा शब्द घडवला त्याने वाघूळ जवळून पाहिलं होतं. बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहून ठेवलाय.

नवी प्रत पाठवते आहे. रेघ तीच आहे. सरळ.

तुझी
शिसपेन्सिल


२३ जानेवारी

चि. शिसपेन्सिल हीस,

दुसरी प्रत पोचली. वशिंड जागच्या जागी आहे.

शिवाय आता पिल्लाचं तोंड गेलं. पहिल्या प्रतीत होतं की नव्हतं, शपथेवर सांगू शकत नाही. पोटाशी एक करडा धब्बा आहे, त्याला दोन बाजूंनी दोन कान आहेत आणि मधल्या जागेत संपूर्ण शांतता आहे. छपाईवाल्याने शाई वाचवली की तूच कंटाळलीस? बिनतोंडी पिल्लू घेऊन सुनावणीला गेलो, तर नगराध्यक्ष म्हणतील, याला खायला तोंड नाही, मग राहायला बोगदा कशाला?

मामीला विचारलं. ती म्हणाली, "तोंड आहे की. चांगलं गोड आहे." पण मामीचा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. तिला शेजारच्यांच्या नातवातसुद्धा गोडवा दिसतो.

तुझ्या बाईंची उचकी थांबावी म्हणून खर्डा दुसरा:

'ही अजिनपत्रा. पंख कातड्याचे. वजन दोन चमचे साखरेएवढं. रोज रात्री पोटभर डास आणि किडे खाते. माणसाच्या केसांत शिरत नाही. तिथे तिला खायला काही मिळत नाही.'

शेवटची दोन वाक्यं नगराध्यक्षांना सादर अर्पण. समास शोधून दाखव, बक्षीस देईन.

नेमकेपणाच्या गोष्टी करणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि एक पट्टी मागून घे.

मामा

ता. क. (हा मामीचा. पाकीट चिकटवायच्या आत घाईत लिहिते आहे.) पिल्लाला तोंड आहे गं, तू मनाला लावून घेऊ नकोस. यांचंच काहीतरी बिनसलंय. रेघांच्या वह्या दुकानात दोनदा परत केल्या, ओळी वाकड्या छापल्यात म्हणून. तिसऱ्यांदा त्या दुकानदाराने हात जोडून कोऱ्या वह्या दिल्या. चहा कपाच्या बाहेर ओततात आणि वर कपालाच बोलतात. शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्यात, त्यांच्यावरचा राग असेल.


४ फेब्रुवारी

मामा,

आधी मी जाम चिडले. मग रडले. मग पिल्लू सबंध नव्याने काढलं. म्हटलं, मामाला तोंड दिसत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलंय, कारण तू टिंगल करतोस पण खोटं सांगत नाहीस. आठवडा त्यात गेला. बाईंनी जुनं पिल्लू आणि नवं पिल्लू शेजारी शेजारी ठेवलं.

"दोघांनाही तोंड आहे. तुझ्या मामाला काय पाहिजे, दात?"

मग त्यांनी माझ्यासमोर रेघेला पट्टी लावली. कागदाच्या जाडीचाही फरक नाही. तुझा दुसरा खर्डा मात्र त्यांनी उचकी न लागता मंजूर केला, आणि विटांऐवजी गजांच्या दाराचं नगरपालिकेच्या इंजिनीअरशी बोलून बघ, असा तुला निरोप दिलाय.

घरी आले आणि मामीच्या ओळी परत वाचल्या. मामा, जगातल्या सगळ्या रेघा एकाच हिवाळ्यात वाकड्या होत नाहीत.

सोबत एक छोटं चित्र पाठवते आहे. नुसती चौकोनांची जाळी आहे आणि मधोमध मुगाएवढं वाघूळ. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अशीच जाळी असते. त्यांच्या जाळीत मधे ठिपका असतो, तुझ्यासाठी मी वाघूळ घातलंय. चष्मा लाव, एक डोळा तळहाताने झाक आणि दुसऱ्याने फक्त वाघळाकडे बघ. मग डोळा बदल. जसं दिसेल तसं शेजारी कागदावर काढ. बाईंचा नियम लक्षात ठेव. माहीत आहे ते काढायचं नाही, दिसतं ते काढायचं.

आणि काहीही दिसलं तरी डॉक्टरकडे जा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडायला लागला की सरळ रेघा वाकड्या दिसतात, आणि बघावं तिथेच दिसेनासं होतं. वेळेवर गेलं तर पुष्कळदा थांबवता येतं. उशीर केला तर नाही.

हे पत्र हसून बाजूला ठेवू नकोस.

शिसपेन्सिल


१५ फेब्रुवारी

चि. शिसपेन्सिल हीस,

जाळी पोचली. सुबक आहे.

आता महत्त्वाचं. तुझ्या बाईंनी सुचवल्याप्रमाणे नगरपालिकेच्या इंजिनीअरसाहेबांना भेटलो. त्यांना म्हटलं, विटा कशाला, बोगद्याच्या तोंडाला गजांचं दार बसवा. पोरं बाहेर, वाघळं आत, आणि तुम्ही मोकळे. त्यांना कल्पना एकदम पसंत पडली. म्हणाले, "छान उभे गज लावू, तुरुंगासारखे." मी म्हटलं, "साहेब, उभे नकोत, आडवे लावा. वाघूळ पंख पसरून आत शिरतं." त्यांना कळेना, म्हणून मी दोन्ही हात पसरून त्यांच्याच केबिनमध्ये वाघळासारखा दरवाजातून आत आलो. त्यात त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास गेला. तो मला दिसला नाही, म्हणजे मी तिकडे बघत नव्हतो. कागद भिजले, पण मुद्दा पटला. आडव्या गजांचा नकाशा ते सुनावणीत ठेवणार आहेत. शिपाई मात्र तेव्हापासून मला बघितलं की ग्लास उचलून घेतो.

मजकुराला बाईंची संमती मिळाली हे वाचून ऊर भरून आला. मोठं चित्र लवकर धाड. हवा बरी आहे. प्रकृती उत्तम. शाळेची परीक्षा जवळ आली, मुलांनी अभ्यास करायचा सोडून सगळं केलं आहे.

मामा

ता. क. (मामी) प्रकृती उत्तम नाही. तुझी जाळी कपाटाच्या मागे सारून ठेवली आहे. मी विचारलं, बघितली का? तर म्हणाले, वाघूळ आहे, उलटं टांगावं लागेल, योग्य खिळा शोधतोय.


२३ फेब्रुवारी

मामा,

सुनावणीचं मोठं चित्र तयार आहे. पुठ्ठ्यावर चढवून, कागदात बांधून माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभं आहे. ते तिथून हलणार नाही. आधी डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा कागद, मग वाघूळ.

याला ओलीस धरणं म्हणतात. आई आणि पिल्लू दोघंही माझ्या ताब्यात आहेत. (पिल्लाला तोंड आहे.)

बाई म्हणाल्या, "चित्र पाठवून दे गं, असा हट्टी माणूस धाकाने ऐकत नाही." मी म्हटलं, बाई, तुम्हाला वाघळं ठाऊक, मला मामा ठाऊक. बोगद्यात आता पिल्लं व्हायची वेळ आली आहे. माझ्या चित्रावाचून सुनावणी झाली आणि त्यांच्या तोंडावर विटा बसल्या, तर ते अर्धं पाप तुझं, अर्धं माझं. माझा अर्धा वाटा उचलायला मी तयार आहे.

आणि मामी, तू हे पत्र वाचणार हे मला माहीत आहे. धरून ने त्याला.

शिसपेन्सिल


८ मार्च

चि. बाळ,

नेलं. कागद सोबत आहे. मला त्यातलं काही वाचता येत नाही, तुझ्या बाईंना येत असेल तर बघायला सांग. जाताना सबंध रस्ताभर बडबडत होते. तिथल्या पाटीवरची अक्षरं छापणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणाले. डॉक्टरांनी आत नेलं, बराच वेळ लागला. परत येताना एकाही पाटीला नावं ठेवली नाहीत. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काही नाही, थेंब घातलेत, उजेड लागतो.

आज सकाळी कपाटामागून तुझी जाळी काढली. मला बघताना पाहिलं, तर वर्तमानपत्राखाली सरकवली.

चित्र पाठव. तू शब्दाची पक्की आहेस हे त्यांना कळलंय.

मामी


२० एप्रिल

चि. शिसपेन्सिल हीस,

सगळे आशीर्वाद. जानेवारीपासून रोखलेला तोसुद्धा.

सुनावणी कशी झाली ते मामीने फोनवर तुला सांगितलं, पण मामीच्या सांगण्यात सगळ्यांनी काय कपडे घातले होते हेच जास्त असतं, म्हणून अधिकृत वृत्तांत देतो. चित्र सभागृहात भिंतीला लावलं. नगराध्यक्ष आले, बघितलं आणि दोन पावलं मागे सरले.

"बापरे! एवढं?"

मी म्हटलं, "साहेब, एवढं नाही. खालची रेघ बघा. तेवढं."

ते पुढे झाले आणि त्यांनी रेघेवर अंगठा आडवा धरला. रेघ अंगठ्याखाली गेली.

"एवढुस्सं?"

मग उपाध्यक्षांनी अंगठा धरला. मग विरोधी पक्षाने. मग चित्रापुढे अंगठ्यांची रांग लागली. या सभागृहात एकाच गोष्टीवर सर्व पक्षांचे अंगठे पडल्याचं शिपायालाही आठवत नाही. इंजिनीअरसाहेबांचा अंगठा रेघेपेक्षा आखूड निघाला, ते जरा हिरमुसले. नगराध्यक्षांनी मजकूर मोठ्याने वाचला. 'माणसाच्या केसांत शिरत नाही' इथे येताच सगळं सभागृह त्यांच्या डोक्याकडे बघू लागलं. त्यांच्याही लक्षात आलं. टकलावरून हात फिरवत म्हणाले, "मग माझ्याकडून तर ती उपाशीच जाणार." तिथेच काम झालं. आडव्या गजांचं दार मंजूर, एका वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले. नगरपालिकेच्या 'पुन्हा बघू'ला मरण नसतं हे तुला सांगायला नको.

तेव्हा ज्या रेघेवरून मी तुला सबंध जानेवारी छळलं, तिनेच बोगदा वाचवला. बाईंना सांग, अफवा संपली.

दार परवा बसलं. संध्याकाळी मामीला घेऊन बघायला गेलो. उजेड उतरला तशी एकेक बाहेर यायला लागली. पंख पसरून, गजांमधून, कुठेही न अडकता. मामी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. मी डावा डोळा झाकून बघितलं. गज सरळ. उजवा झाकून बघितलं. गज मधे वाकले, आणि ज्या वाघळाकडे बघावं ते नाहीसं. नजर हलवली की तेवढं परत येतं आणि दुसरं जातं.

डॉक्टरांचा कागद तुझ्या बाईंनी वाचला असेलच. डाव्या डोळ्यात सुई देतात. मी विचारलं, "दुसरा काही मार्ग?" ते म्हणाले, "आहे ना, न देण्याचा." माणूस आवडला. सुया चालू आहेत. डाव्यातलं गेलं ते कितपत परत येईल ते सांगत नाहीत. उजव्यातही सुरुवात आहे, तो राखायचा म्हणतात.

सोबत माझं चित्र पाठवत आहे. दुकानदाराने दिलेल्या कोऱ्या वहीचा शेवटी उपयोग झाला. तुझी जाळी डाव्या डोळ्याने बघून काढली आहे. रेघा वाकड्या आल्या आहेत, पण त्यात हाताचा दोष नाही. मधली जागा मोकळी सोडली आहे. तिथे वाघूळ आहे हे मला पक्कं माहीत आहे, पण दिसलं नाही, म्हणून काढलं नाही. बाईंचा नियम पाळला आहे. खाली रेघ मात्र ओढलेली नाही. त्या मोकळ्या जागेची खरी लांबी किती, ते अजून मला ठाऊक नाही.

हे पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे, मामीचा ताजा कलम नाही, म्हणून आता सांगतो. वाचन गेलं, तर जे पाठ आहे ते उरलेल्या आयुष्याला पुरेल. शाळेत मी डोळे मिटूनही शिकवू शकतो, मुलं डोळे मिटूनच शिकतात. त्याची काळजी नाही.

सकाळी तुझी मामी चहा घेऊन समोर बसते. मी उजवा डोळा झाकून बघतो. तिचे कान दिसतात, केस दिसतात, हातातला कप दिसतो. मधे चेहरा नसतो. मग हात काढतो आणि तो परत येतो. ती विचारते, काय बघताय, आणि मी काहीतरी टिंगल करतो.

उजवाही गेला, तर ती अशीच समोर बसलेली असेल, आणि हात काढूनही तिचा चेहरा येणार नाही. मला फक्त ही भीती वाटते. तिला अजून सांगितलेलं नाही.

मामा